रविवारी मोठे चालेल

व्यंगचित्रकार होण्याआधी तो त्याच वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्याभोवती लाल गोल काढायचा त्याला पगार मिळत होता. आठ वर्षांनी तो चेहऱ्यांतल्या चुका शोधू लागला आणि पगार वाढला. धंदा म्हणाल तर एकच.

चेहऱ्यांबद्दल त्याचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकवल्याशिवाय तो कुणाला घरातून हलू द्यायचा नाही. प्रत्येक चेहऱ्यात एक खुंटी असते. कुणाची हनुवटी, कुणाचे कान, कुणाच्या पुढच्या दोन दातांमधली फट. ती खुंटी सापडली की जराशी ओढून लांब करायची आणि बाकीचा चेहरा तिच्यावर टांगून द्यायचा. माणूस आपोआप ओळखू येतो. "तीन श्वासांत खुंटी सापडली नाही, तर टाक खाली ठेवीन," असं तो म्हणायचा. टाक त्याने कधी खाली ठेवला नाही, हेही खरं. भर बाजारात पाठमोरा माणूस तो नुसत्या मानेवरून ओळखायचा आणि ह्या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

सुरुवातीला तो पुढाऱ्यांच्या खुंट्या ओढायचा. एका पुढाऱ्याची हनुवटी त्याने इतकी ओढली की ती चौकटीबाहेर येऊन खालच्या पाणीटंचाईच्या बातमीवर टेकली. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याचा फोन आला, तिसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या बायकोचा आला, आणि चौथ्या दिवशी आठ-दहा कार्यकर्ते कचेरीत येऊन ठाण मांडून बसले. संपादक सज्जन माणूस, पण रक्तदाबाचा. त्यांनी ह्याला आत बोलावलं.

"चित्रं छान असतात तुमची," ते म्हणाले. "पण मी रोज कुणाकुणाची समजूत काढत बसू? एखादा असा माणूस शोधा, की त्याचं काहीही काढलं तरी तक्रार येणार नाही."

तो घरी आला, तोंड धुतलं, मान वर केली, आणि समोर आरशात माणूस सापडला.

सापडायला वेळ लागावा असं काही नव्हतंच. त्याचं नाक दोन भुवयांच्या मधून निघायचं, अर्ध्या वाटेवर एक उंचवटा घ्यायचं आणि तिथून खाली वळून ओठांच्या कारभारात लक्ष घालायचं. ते नाक त्याने ओढलं, त्याच्यामागे टक्कल पडू लागलेला एक बुटका माणूस टांगला आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात बसवून दिला. चौकटीत महागाई असो, निवडणूक असो, रस्त्यातले खड्डे असोत, कोपऱ्यात हा उभा असायचा आणि त्याचं नाक त्या भानगडीत खुपसलेलं असायचं. हळूहळू तीच त्याची सही झाली. वाचकांनी त्या बुटक्याचं नाव नाकोबा ठेवलं आणि वर्षभरात ते नाव चित्रातून उतरून चित्रकाराच्या अंगाला चिकटलं. शेजारी, न्हावी, बसचा कंडक्टर, सगळे त्यालाच नाकोबा म्हणू लागले. आपणही तेच म्हणू.

अडतीस वर्षं नाकोबा त्या कोपऱ्यात उभा होता आणि अडतीस वर्षांत एकही तक्रार आली नाही, हे तो छातीठोकपणे सांगायचा. "दुसऱ्याला काय, कुणीही हसतं. स्वतःला हसायला छाती लागते," असं म्हणून तो समोरच्याकडे बघायचा आणि समोरचा मान डोलवायचा. ते नाक त्याच्या एकट्याच्या मालकीचं आहे ह्याबद्दल ना ऐकणाऱ्याला शंका असायची, ना त्याला.

नाकोबाला कोपऱ्यात उभं राहून पाच वर्षं झाली, तेव्हा घरात मुलगी जन्माला आली. नर्सने दुपट्यात गुंडाळून हातात दिली तशी त्याने आधी नाक बघितलं. होतं एवढंसं, पण घडण ओळखू येत होती. "माझी सही घेऊन आली," असं तो त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटला. बायको खाटेवरून एवढंच म्हणाली, "डोळे माझे आलेत. तेही बघा जमलं तर." बघितले त्याने, नाही असं नाही.

मुलगी वाढली आणि नाक तिच्याहून जरा भरभर वाढलं. आता इथे पत्राची हकीकत सांगायला हवी, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगितली जायची. बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, काचेची एक मोठी फ्रेम टांगलेली होती. मुलगी अकरा वर्षांची असताना कचेरीत एक पत्र आलं होतं. वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर गोल गोल अक्षर.

"संपादक महाशय, आपल्या पेपरमधील नाकोबाचे नाक कृपया थोडे लहान काढावे. सोमवार ते शनिवार लहान काढले तरी पुरेल. रविवारी मोठे चालेल. आपला, एक वाचक."

कचेरीत ते पत्र हातोहात फिरलं. संपादक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कुणी म्हणालं, रिकामटेकडा पेन्शनर असणार. कुणी म्हणालं, चक्रम आहे, पण हिशेबी चक्रम आहे. नाकोबाला मात्र त्या पत्रात चित्र दिसलं, आणि एकदा चित्र दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नसे. सोमवारच्या अंकात "एका वाचकाच्या विनंतीवरून" ह्या मथळ्याखाली ओळीने सात चौकटी छापून आल्या. पहिलीत नाकोबाने नाकावर पट्टी घट्ट आवळून बांधलेली. दुसरीत पट्टीच्या आत नाक फुगलेलं. अशी शनिवारपर्यंत पट्टी वाढत जाते, नाक वाढत जातं, नाकोबाचे डोळे बाहेर येतात. आणि रविवारी पट्टी सुटते, तसं ते नाक गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातं आणि आयाबाया त्याच्यावर धुणं वाळत घालतात.

लोकांनी ते चित्र डोक्यावर घेतलं. त्याला मोठं बक्षीस मिळालं, इतर भाषांतल्या पेपरांनी ते मागून घेऊन छापलं. मूळ चित्र फ्रेममध्ये गेलं आणि पत्र त्याच फ्रेमच्या मागे, पुठ्ठ्याला चिकटवलं गेलं. "आयुष्यात एक विनंती आली आणि तिने माझं नाव केलं," असं म्हणून नाकोबा पाहुण्याच्या पाठीवर थाप मारायचा. मुलगी शेजारच्या खुर्चीवर जेवत असायची. पाहुणा हसला की तीही हसायची, मूठ नाकाशी नेऊन. हसताना मूठ नाकाशी न्यायची तिला सवयच होती. पोर लाजरी आहे, असं नाकोबाला वाटायचं आणि त्याचं त्याला कौतुकही होतं.

तर ही मुलगी आता तेहतीस वर्षांची झाली होती. दुसऱ्या गावात, औषधांच्या कारखान्यात तपासनिसाचं काम करायची. अंगात पांढरा डगला, हातमोजे, तोंडावर दिवसभर मास्क. एका सोमवारी दुपारी ती न कळवता घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि थेट वडिलांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"बाबा, एक चित्र काढून हवंय."

नाकोबा खुर्चीतून अर्धा उठला. तिने जन्मात कधी त्याच्याकडे चित्र मागितलं नव्हतं. लहान असताना समोर बस म्हटलं तरी पळून जायची आणि पुढे त्यानेही नाद सोडून दिला होता. त्याने टेबलावरचे कागद बाजूला केले, नवा कागद फळीला लावला, पेन्सिल घेतली.

"बोल. कुणाचं काढायचंय? साहेबाचं?"

"माझं," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या नव्या नाकाचं. पुढच्या सोमवारी मी नाकाचं ऑपरेशन करून घेतेय. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर चार नाकं लावून दाखवली. चारही वेळा भलतीच कुणीतरी बाई दिसली. मग ते म्हणाले, तुम्हाला कसं हवंय ते तुम्हीच कागदावर काढून आणा. गुरुवारी न्यायचंय." तिने फळीवरच्या कोऱ्या कागदाकडे बघितलं. "हे नाक तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं."

"पण नाकाला झालंय काय?"

"काही झालेलं नाही. बदलायचंय."

"श्वासाला वगैरे त्रास..."

"श्वास उत्तम येतो. एवढ्या नाकातून नाही यायचा तर कशातून यायचा, बाबा?"

त्याला हसू आलं. तिलाही आलं आणि तिची मूठ नाकाशी गेली.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको भाजी निवडत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"ती म्हणाली, मी सांगेन. तिचं नाक, तिने सांगायचं."

"अगं, पण चांगलं भरदार नाक आहे. घराण्याचं नाक आहे. माझ्या आजोबांचं असंच होतं, त्यांचं कुठे काय अडलं?"

"तुमच्या आजोबांना कुणी रोज सकाळी पेपरात छापत नव्हतं," बायको म्हणाली आणि निवडलेल्या शेंगा मोजल्यासारख्या एकेक करून भांड्यात टाकू लागली. तिला त्या मोजायच्या नव्हत्या. तिला वर बघायचं नव्हतं.

नाकोबा हट्टी माणूस. त्याने मनाशी ठरवलं की नवं नाक काढायचंच नाही. पोरीला आहे तशी काढायची, पण अशी काढायची की चित्र बघून तिचं तिलाच वाटलं पाहिजे, हे नाक कापायला निघालेली मी मूर्ख. आयुष्यभर लोकांना चित्र दाखवून हसवलं, चार लोकांना रडवलं, एका पुढाऱ्याला निवडणुकीत पाडलंही म्हणतात. एका मुलीचं मन वळवणं म्हणजे हातचा मळ. तीन संध्याकाळी हातात होत्या.

पहिल्या संध्याकाळी त्याने तिला खिडकीशी बसवलं. तीन श्वासांत खुंटी सापडली, म्हणजे नाकच सापडलं, आणि हात सुटला. दहा मिनिटांत चित्र तयार. त्याने ते लांब धरून बघितलं. कागदावर केस वाढवलेला, कानात रिंगा घातलेला नाकोबा होता. त्याने तो कागद घाईघाईने फाडला. दुसरा घेतला. दुसऱ्यातही नाकोबाच, फक्त जरा दुःखी. सहा कागद झाले. अडतीस वर्षांची सवय झालेला हात त्या उंचवट्यापाशी आला की आपोआप उड्या मारायचा, विनोद करायचा. मुलगी खिडकीबाहेर बघत शांत बसून होती. टोपलीत काय जातंय हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. हात सांगून ऐकेना. घोड्याला लगाम घालावा तसा त्याने मनगटाला रुमाल बांधून बघितला, पेन्सिल डाव्या हातात धरून बघितली. डाव्या हाताचा नाकोबा थरथरत होता, एवढाच फरक.

तिसऱ्या संध्याकाळी तो खाली मान घालून बसला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा खुंटी शोधायची नाही असं ठरवलं. त्याने कानापासून सुरुवात केली. कानाच्या पाळीवर एक बारीकसा तीळ होता, तो त्याने तेहतीस वर्षांत बघितला नव्हता. मग केस, मग गालाचं हाड, मग डोळे. डोळे खरोखरच तिच्या आईचे होते, पण आईच्या डोळ्यांत नसलेलं काहीतरी त्यांत होतं. कुणी आपल्याकडे बघायच्या आधी आपणच दुसरीकडे बघून घ्यावं, अशी एक घाई होती. ती घाई काढताना त्याला फार वेळ लागला. नाक त्याने सगळ्यात शेवटी काढलं, इतर सगळ्यासारखं, जेवढ्यास तेवढं. उंचवटा होता तिथेच आला आणि निमूट बसला.

त्याने फळी तिच्याकडे वळवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"ही मी?"

"तूच."

"छान आहे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

नाकोबाचा जीव भांड्यात पडला. "मग? बघ की. कुठे काय वाईट आहे? कशाला हवंय ते ऑपरेशन?"

"छान आहे, बाबा. पण हे तुम्ही आज काढलंत."

"अगं, मी काय तुला हसलो का कधी? तुझं एक चित्र काढलं नाही मी आजवर. जे काही हसलो ते स्वतःला हसलो."

"माहितीये. तुम्ही तुमचंच तोंड काढत होतात. पण ते घेऊन वर्गात मी जायचे."

ती भांडत नव्हती. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग बोलायचंस," तो म्हणाला. "एका शब्दाने बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं मी. शप्पथ सांगतो. अडतीस वर्षांत एक माणूस तक्रार घेऊन..."

"केली होती."

मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती उघड्या दारातून बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीकडे बघत होती.

"पत्र मी पाठवलं होतं," ती म्हणाली. "अक्षर मैत्रिणीच्या ताईचं. माझं अक्षर तुम्ही लगेच ओळखलं असतंत, म्हणून. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं."

नाकोबाच्या ओठांवर ते वाक्य आपोआप आलं. पाहुण्यांना हजार वेळा सांगितलेलं वाक्य. "रविवारी मोठे चालेल," तो पुटपुटला.

"रविवारी शाळा नसायची."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. बायको दारामागे उभी आहे, हे त्याला कळलं.

"त्या सोमवारी पेपर यायच्या आधीच मी दाराशी जाऊन बसले होते," मुलगी सांगत होती. "वाटलं, आज लहान असणार. शाळेत गेले तर कुणीतरी ते चित्र कापून फळ्याच्या बाजूला चिकटवलेलं. बाईंनी राहू दिलं, त्यांना तुम्ही फार आवडायचात. मग मधल्या सुट्टीत मुलं मागून येऊन माझ्या तोंडावर रुमाल टाकायची. वाळत घालतोय म्हणायची. दहावीपर्यंत चाललं ते." तिने चित्रातल्या आपल्या कानाच्या तिळावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आइसक्रीम आणलं होतंत. चित्र गाजलं म्हणून."

आणलं होतं. त्याला स्वच्छ आठवलं. दोन वाट्या खाऊन झाल्यावर तिने आणखी मागितलं नाही, ह्याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं.

हनुवटीवाल्याची तक्रार फोनवरून आली, कार्यकर्ते घेऊन आली आणि चार दिवसांत मान्य झाली. हिची वहीच्या पानावर आली, 'कृपया' म्हणत आली, सातातला एक दिवस स्वतःहून सोडून देऊन आली. आणि तिचं काय झालं, तर तिला बक्षीस मिळालं.

"मी चुकलो गं," नाकोबा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. असू दे, जाऊ दे, असं काही ती म्हणाली नाही. "आता काढा. उद्या द्यायचंय."

त्याने चित्रावर पातळ ट्रेसिंगचा कागद लावला. क्षणभर मनात आलं, मुद्दाम वाईट काढावं, पसरट काढावं, म्हणजे ती नको म्हणेल. पण त्याने तसं केलं नाही, आणि त्याच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे. त्याने उंचवटा उतरवला, शेंडा अर्ध्या बोटाने वर घेतला, नाकपुड्या आत घेतल्या. खोडलं, पुन्हा काढलं. एखाद्याचं नाक लहान करण्यासाठी त्याने जन्मात इतके कष्ट घेतले नव्हते. शेवटी पूर्ण चेहरा नव्या नाकासकट उतरवून त्याने कागद तिच्या हातात दिला. कॉम्प्युटरच्या चार बायांसारखी ही परकी वाटत नव्हती. ही तीच होती, फक्त त्याची कुणी लागत नव्हती.

"हेच," मुलगी म्हणाली. कागद तिने गुंडाळून पिशवीत ठेवला. "ते पहिलं चित्र राहू दे तुमच्याकडे."

ऑपरेशन झालं त्या दुपारी तो इस्पितळात गेला. ती उशीला टेकून बसली होती. नाकावर मोठी पांढरी पट्टी, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी सुजलेले गाल, ताणलेले डोळे. बायको तिला चमच्याने पाणी पाजत होती. नाकोबा दारातच थबकला. हे चित्र त्याने काढलेलं होतं. सोमवारची चौकट. नर्स मागून म्हणाली, "आजोबा, आत जा ना," तेव्हा तो आत गेला.

घरी आल्यावर त्याने भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि पालथी घातली. मागचं पत्र पिवळं पडलं होतं. त्याने ते खिडकीशी नेऊन वाचलं. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने पट्टी धरून आखलेली आणि नंतर खोडलेली रेष होती. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून शाळेतली मुलं आखतात तशी. कचेरीतल्या सगळ्यांनी मिळून पेन्शनर ठरवलेला तो वाचक रेषा आखून पत्र लिहीत होता, आणि आठ वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला ते बावीस वर्षं दिसलं नव्हतं. नाकोबा त्या कागदासमोर बसून रडला. बायकोने त्याला रडू दिलं, चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात कोपरा रिकामा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात कचेरीत फोन आणि पत्रं धो धो येऊ लागली. नाकोबा कुठे गेला, नाकोबाला परत आणा, सकाळचा चहा गोड लागत नाही. नव्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "अहो, तक्रारींचा पाऊस पडतोय." नाकोबाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला. अडतीस वर्षांनी तक्रारी आल्या होत्या, आणि त्या भलत्याच गोष्टीबद्दल होत्या.

मुलगी इस्पितळातूनच आपल्या गावी परतली. सहा आठवड्यांनी ती चार दिवस राहायला येणार होती. नाकोबा बस यायच्या तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभा राहिला. नवं नाक त्यानेच काढलेलं, त्यामुळे ओळखायला अडचण येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. बस आली, माणसं उतरू लागली. त्याचे डोळे सवयीने एकेका चेहऱ्यावर खुंटी शोधत पुढे सरकत होते. दाट भुवयांचा एक माणूस, दुहेरी हनुवटीची एक बाई, निळा कुडता घातलेली कुणीतरी बरी दिसणारी तरुण बाई, पुढे आलेल्या दातांचा एक म्हातारा. गर्दी पांगली. बस रिकामी झाली. बस चुकली की काय म्हणून तो कंडक्टरला विचारायला निघाला.

"बाबा."

निळा कुडता त्याच्या पुढ्यात उभा होता.

"ओळखलं नाहीत ना?"

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. जमलं नाही. "नाही," तो म्हणाला.

तिचे डोळे चमकले. ह्याच उत्तराची ती वाट बघत होती, हे त्याला कळलं. "तुमच्या समोरून दोनदा गेले मी," ती म्हणाली. "दोनदा. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात." आणि भर स्टँडवर, लोक बघत असताना, ती मोठ्याने हसली. तिला इतकं मोकळं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

हसता हसता तिचा हात वर आला. मूठ नाकाशी गेली आणि तिथेच राहिली. नाक आता लहान होतं, सुबक होतं, मुठीमागे पार झाकलं गेलं. तिचं तिला कळलंही नाही.

नाकोबा बघत राहिला. इथून पुढे कितीही गर्दी असो, तो तिला ह्याच्यावरून ओळखणार होता. खुंटी सापडायला तीन श्वाससुद्धा लागले नाहीत. ती त्यानेच ठोकलेली होती.